जीर्णोद्धार आणि विसर्जन

'जुने ते सोने' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याची ऊठबस सोनाराच्या दुकानी असावी. सुताराच्या पडवीत तो फारसा बसला नसावा. सोने शंभर वर्षांनी पेटीतून काढले तरी ते सोनेच असते. लाकडाचे तसे नाही. त्याला ओल लागते, वाळवी लागते, भुंगा पोखरतो. आणि आमच्या कोकणात तर वर्षातले चार महिने भिंतींनाही घाम फुटतो, तेथे लाकडाची कथा ती काय! म्हणून जुन्या लाकडी वस्तूच्या मालकापुढे एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. ती दुरुस्त करून ठेवावी, की तिचा काळ संपला असे समजून तिला जाऊ द्यावे? आणि दुरुस्तच करावयाची तर कोणाच्या हातांनी, कोठवर, आणि कशासाठी? हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. परंतु गेल्या दोन वर्षांत त्याने आम्हांस बराच त्रास दिला, आमच्या काही लाडक्या समजुती मोडल्या, आणि शेवटी जे थोडेसे शिकविले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच आरंभिला आहे.

आमचे घर पेणचे, आजोळ रोह्याजवळच्या एका खेड्यातले. आजोळच्या गोठ्यात, जुने नांगर, मोडकी इरली आणि फुटके रांजण यांच्या मागे, एक दमणी पडून होती. हल्लीच्या वाचकांस हा शब्द कदाचित नवा वाटेल. भात, गवत, लाकूडफाटा वाहावयाचा तो खटारा; माणसांनी प्रवास करावयाचा ती दमणी. ती अंगाने हलकी, चाकांनी नाजूक, वर कामट्यांचे कमानदार छप्पर, आत गवतावर अंथरलेली गोधडी. माहेरवाशिणी, बाळंतिणी, आजारी माणसे, लग्नाची मंडळी यांचे ते वाहन. मुंबईहून पडावाने किंवा आगबोटीने धरमतरच्या बंदरात उतरावे आणि पुढची वाट बैलांच्या पायांनी तोडावी, असा काळ या भागाने पुष्कळ पाहिला आहे. पुढे १९४८ साली मुंबई राज्यात एस. टी. सुरू झाली, १९८६ साली पेणवरून रोह्यापर्यंत रेल्वे पोहोचली, १९९८ पासून तर रोह्याहून निघालेली कोकण रेल्वे थेट मंगळूरपर्यंत धावू लागली. दमणीला कोणी निवृत्त केले नाही. तिची गरज एकेक करून उतरून गेली, आणि ती जेथे उभी होती तेथेच उभी राहिली.

ती दुरुस्त करावयाची, आणि तीही स्वतःच्या हाताने, हे खूळ आमचेच. या खुळात आम्ही एकटे नाही. अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यावयाची छोटी प्रवासी घरे असतात. १९३६ साली निघालेल्या 'एअरस्ट्रीम क्लिपर'सारखी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आणि रिव्हेट ठोकलेली. तेथील हौशी मंडळी अशी जुनी घरे शोधून विकत घेतात आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून ती स्वतः दुरुस्त करतात. त्यांचा एक अनुभव आम्हांस फार जवळचा वाटला. वरचा पत्रा पुसून लखलखीत करता येतो. परंतु आतला जमिनीचा तक्ता उचलला की खाली वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने सारे लाकूड कुजलेले निघते. आम्हीही आमच्या दमणीची साटी उचलली तेव्हा खालच्या आडव्या लाकडात बोट सहज शिरले. वस्तू जुनी झाली हे आपणांस माहीत असते. ती किती जुनी झाली, हे ती उघडल्यावाचून कळत नाही.

सारे काम स्वतः करण्याच्या हट्टाला आमच्यापाशी तत्त्वज्ञानाचा आधारही होता. विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्याच गागोदे गावचा. शरीरश्रमाला त्यांनी जो मान दिला, तो या तालुक्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून पडत आलेला असतो. तेव्हा लेखणी धरणाऱ्या हाताने एकदा रंधाही धरावा, यात आम्हांस केवळ हौस नव्हे तर काहीसे पुण्यही दिसत होते. पुण्याची भावना मनात शिरली की सावधपणा निघून जातो, हा अनुभव मात्र आम्हांस पुढे आला.

दमणीच्या एका चाकाचे दोन आरे खिळखिळे झाले होते. आम्ही त्यांत पाचरी मारल्या, बाजारातला उत्तम चिकट डिंक ओतला, भेगा लांबीने भरल्या आणि वरून रंग दिला. चाक असे दिसू लागले की येणाराजाणारा थांबून पाही. शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणून आम्ही गाडी आवाराबाहेर काढली. पहिल्याच उतारावर त्या दोन आऱ्यांपैकी एक मुळाशी मोडला आणि दमणी एका कुशीवर बसली. कोणास इजा झाली नाही. परंतु हा प्रसंग सगळ्या आळीने पाहिला.

मग आम्ही रोह्याकडच्या एका वृद्ध सुताराकडे गेलो. त्यांनी चाक हातात घेतले, डिंक नखाने खरवडला आणि विचारले, "भाऊ, याच्यात हे कशाला भरलंत?" आम्ही म्हणालो, आरे पक्के बसावेत म्हणून. त्यावर ते म्हणाले, "चाकाला चिकटवायचं नसतं. चाक दाबावर उभं असतं."

या वाक्याचा अर्थ समजण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. चाकाच्या मध्यभागी तुंबा असतो. त्यात बारा आरे बसतात. आऱ्यांची बाहेरची टोके सहा पाट्यांत, एकेका पाटीत दोन याप्रमाणे शिरतात, आणि त्या सहा पाट्या मिळून चाकाचा घेर होतो. यात कोठेही डिंक नाही, खिळा नाही. मग हे सारे टिकते कशावर? लोखंडाच्या धावेवर. धाव लाकडी घेराहून किंचित लहान ठेवितात. ती जाळात लाल होईपर्यंत तापविली की ती वाढते. तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर बसवितात आणि लगेच वरून पाणी ओततात. धाव आवळते, पाट्या एकमेकींवर दाबल्या जातात, पाट्या आऱ्यांना आत रेटतात, आरे तुंब्यात घट्ट बसतात. प्रत्येक भाग दुसऱ्यास धरून आहे. एका आऱ्याची लांबी सुताभर चुकली तर त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यावर जातो आणि कालांतराने सगळे चाक ढिले होते. आम्ही आमच्या दोन आऱ्यांना डिंकाने धरू पाहिले होते. परंतु ते सैल होण्याचे कारण आऱ्यांत नव्हतेच, झिजून ढिल्या झालेल्या धावेत होते.

एवढे झाल्यावर स्वावलंबनाविषयीचे आमचे मत बदलले. स्वतःच्या हाताने काम केले म्हणजे माणूस स्वतंत्र होतो, असे आम्ही समजत होतो. अनुभव उलट आला. जोपर्यंत आम्ही काहीच करीत नव्हतो तोपर्यंत सुतार, लोहार, लाकूडतोड्या यांचे आमच्यावर काही ऋण आहे हे आम्हांस जाणवले नव्हते. पैसे दिले की हिशेब मिटला, अशी समजूत होती. रंधा हाती घेतला आणि आपल्याला काय येत नाही याची यादी दररोज वाढू लागली. शरीरश्रमाची थोरवी यातच असावी. श्रमाने माणूस स्वयंपूर्ण होतो, हा त्यातला लहान लाभ. आपण स्वयंपूर्ण नाही हे त्याला श्रमाने कळते, हा मोठा.

आता दुसरा दोष सांगितला पाहिजे, कारण तो पहिल्याहून वाईट होता आणि दुरुस्त होण्यासारखा नव्हता. साटीच्या डाव्या कडेला, बसणाऱ्याच्या हाताशी, लाकडात एक खळगा होता. आम्ही तो कीड लागल्याचा समजून ती कड रंध्याने सारखी केली. पुढे आमच्या मामी दमणी पाहण्यास आल्या. वयाच्या नव्वदीत त्यांची दृष्टी मंद झाली आहे, त्यांनी कडेवरून हात फिरविला, पुन्हा फिरविला, आणि विचारले, "ती हाताची जागा कुठं गेली?" चढउतारावर बायका त्या ठिकाणी कड धरून बसत. तीन पिढ्यांच्या पंज्यांनी पडलेला तो खळगा होता. मामी आम्हांस काही बोलल्या नाहीत. छपराची तारीफ केली, चहा घेतला आणि घरी गेल्या.

इंग्रज लेखक रस्किन याने १८४९ साली 'सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथात जीर्णोद्धारावर कडक टीका केली आहे. जुनी इमारत पुन्हा नवी करणे म्हणजे तिचा नाशच. तिला वेळोवेळी जपा म्हणजे पुन्हा उभारण्याची पाळी येणार नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच मार्गाने पुढे विल्यम मॉरिस याने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक मंडळी स्थापन केली. विद्यार्थिदशेत हे मत आम्हांस अतिरेकी वाटले होते. मामींचा हात त्या गुळगुळीत कडेवरून फिरताना पाहिला, तेव्हा रस्किनचा राग कशावर होता ते समजले. काळाने केलेले सगळेच काम नासधूस नसते. कुजणे वेगळे आणि झिजणे वेगळे. कुजणे ही वस्तूची हानी आहे. झिजणे ही पुष्कळदा तिच्या उपयोगाची नोंद असते. दुरुस्ती करणाऱ्याने रंधा उचलण्यापूर्वी या दोहोंतला भेद ओळखला पाहिजे, आणि आम्ही तो ओळखला नाही.

मग मनात असे आले की, ही दमणी आता तीच राहिली काय? आडवी लाकडे नवी, एक चाक संपूर्ण नवे, छपराच्या कामट्या नव्या, कड रंधलेली. हा वाद पुरातन आहे. अथेन्सचे लोक थीसियस या वीराचे जहाज कुजलेल्या फळ्या बदलीत जपून ठेवीत, आणि ते जहाज तेच की दुसरे यावर तेथील तत्त्वज्ञ भांडत, असे प्लूटार्क सांगतो. आमच्याकडे हाच दृष्टांत थेट गाडीचाच आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजास विचारतो की, तू रथातून आलास तर रथ म्हणजे काय ते सांग. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे? जू म्हणजे? राजा प्रत्येकास नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की, हे सारे भाग जुळून आले असता त्या जुळणीस रथ हे नाव देतात. नागसेनाने हा दृष्टांत माणसाच्या 'मी'पणासाठी योजिला. आम्हांस तो शब्दशः उपयोगी पडला. दमणी म्हणजे लाकूड नव्हे हे उघड झाले. परंतु मग आम्ही दोन वर्षे जे राखू पाहत होतो ते काय होते?

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली आणि तिने आमचे तत्त्वचिंतन थांबविले. कोलाडकडे पर्यटक बरेच येतात. तिकडच्या एका विश्रामगृहाच्या मालकाने दमणी पाहिली आणि प्रवेशद्वारापाशी उभी करण्यासाठी ती मागितली. देऊ केलेली रक्कम चांगली होती. दमणी कायद्याने आमच्या मामेभावाची. आणि मामेभावाच्या मुलीचे शिक्षण चालू आहे. आम्ही वाडवडिलांच्या आठवणींवर पुष्कळ बोललो. मामेभाऊ शांतपणे ऐकून म्हणाला, "दादा, तुम्ही तिला रंगवून आवारात उभी करणार, तो तिला रंगवून दारात उभी करणार. फरक काय? तो निदान पैसे देतो."

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, हे आम्ही येथे मोकळेपणाने लिहितो. जी वस्तू काम करीत नाही, जिची विद्या कोणास येत नाही, जी केवळ पाहण्यासाठी उभी आहे, ती आमच्या अंगणात असली काय आणि विश्रामगृहाच्या दारात असली काय, सारखीच. आमचे ममत्व हे तिच्या बाजूचे प्रमाण होऊ शकत नाही. मामेभावाने चार दिवसांची मुदत दिली आणि आम्ही पेणला परत आलो.

ते आषाढाचे दिवस होते. त्या दिवसांत पेणच्या कोणत्याही आळीतून गेले तरी दोन्ही बाजूंस कारखान्यांच्या फळ्यांवर गणपतींच्या रांगा लागलेल्या दिसतात; काही कोऱ्या पांढऱ्या, काही पीतांबर चढलेल्या, काही डोळ्यांच्या आखणीची वाट पाहणाऱ्या. जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत तर घरोघर तेच काम. गुजरातेतून आणलेली शाडूची माती साच्यात दाबावयाची, जोड बुजवावयाचे, वाळवावयाचे, रंगवावयाचे. आणि हे सर्व कशासाठी, तर दीड दिवसाने, पाच दिवसांनी, फार तर अनंत चतुर्दशीस ती मूर्ती पाण्यात विरघळावी यासाठी. लहानपणापासून पाहिलेले हे दृश्य त्या दिवशी आम्हांस निराळे दिसले. अर्धे शहर अशा वस्तू घडविण्यात गुंतले आहे की ज्या टिकू नयेत हाच त्यांचा धर्म. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध आज जी तक्रार आहे तीही हीच, की त्या विरघळत नाहीत. आणि तरीही पेणच्या गणपतीस कोणी नाशवंत म्हणत नाही. गेल्या वर्षीची मूर्ती कोठेही शिल्लक नसते, परंतु पेणचा गणपती आहे. कारण साचा आहे, माती मळणारे हात आहेत, आणि आखणी करणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसून पाहणारे पोर आहे.

जपानात इसे येथील देवालयाविषयी आम्ही वाचले होते, तेही या वेळी आठवले. तेथील मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने जसेच्या तसे पुन्हा बांधतात. हा प्रघात सातव्या शतकाच्या अखेरीपासूनचा आहे. मध्ये युद्धांच्या काळात तो खंडित झाला होता, परंतु पुन्हा सुरू झाला, आणि २०१३ साली बासष्टावी बांधणी झाली. तेथे जपले जाते ते लाकूड नव्हे. वीस वर्षांचे अंतर असे आहे की, एका बांधणीत उमेदवारी करणारा सुतार पुढच्या बांधणीत काम सांगणारा होतो.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा झाला. वस्तूचा टिकाऊपणा तिच्या द्रव्यात नसतो आणि रूपातही नसतो. ती पुन्हा करू शकणाऱ्या हातांत असतो. दर वर्षी बुडणारा मातीचा गणपती आमच्या रंगविलेल्या दमणीहून अधिक सुरक्षित होता, कारण दमणीचे चाक पुन्हा करू शकणारा त्या भागात आम्हांस ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, आणि त्याचे वय सत्त्याहत्तर होते. जीर्णोद्धार आणि विसर्जन यांत जो विरोध आम्ही मानीत होतो तो खरा नव्हता. जेथे विद्या हातातून हातात जाते तेथे विसर्जन निर्भयपणे करता येते. जेथे ती खुंटली आहे तेथे उत्तमांतला उत्तम जीर्णोद्धार हाही लांबणीवर टाकलेला अंत्यविधीच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. मामींच्या हाताची जागा कोणता सुतार पुन्हा करील? कोणीही नाही. विद्या वस्तू परत देते, वस्तूवर पडलेला काळ परत देत नाही. त्यासाठी रस्किनचाच मार्ग: हात आवरणे. दुरुस्ती करणाऱ्यास दोन्ही शास्त्रे यावी लागतात, करण्याचे आणि न करण्याचे. आम्हांस पहिले थोडे आले, दुसरे उशिरा आले.

चौथ्या दिवशी आम्ही रोह्यास गेलो आणि मामेभावास सांगितले की, दमणी विकावयाची की नाही हा तुझा अधिकार. त्यावर आमचे काही म्हणणे नाही. मात्र जुने चाक विकू नकोस. ते चाक पूर्ण सुटे करून त्यावरून एक नवे चाक तुझ्या मुलाने त्या सुतारांच्या हाताखाली करावे, एवढे मागतो. मुलगा धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर आहे. लोखंडाच्या मापांत त्याचा हात बसलेला. तो हसला आणि तयार झाला. सुतारबाबांनी अट घातली की रविवारी यावयाचे, मोबाइल बाहेर ठेवावयाचा, आणि पहिले दोन महिने नुसते आरे तासावयाचे. त्याने किती आरे वाया घालविले ते सांगितल्यास त्यास आवडणार नाही. परंतु माघात धाव तापविली तेव्हा चिमट्याचे एक टोक त्याच्या हातात होते, आणि पाणी ओतल्यावर चाकाचे सांधे एकामागून एक कडकड आवाज करीत मिटले तो आवाज आम्ही सर्वांनी ऐकला.

दमणी विकली नाही. मामेभावाने ती का ठेविली हे आम्ही त्यास विचारले नाही. गेल्या भाद्रपदात पेणहून टेम्पोने आलेला गणपती रोह्याच्या बाजारापासून घरापर्यंत, तीनएक किलोमीटर, दमणीतून नेला. बैल अर्थातच उसने. यास आम्ही 'उपयोग' म्हणून मिरवणार नाही. तो एक दिवसाचा सोहळा आहे, आणि टेम्पो घरापर्यंतही गेला असता. पाचव्या दिवशी कुंडलिकेवर विसर्जन झाले. रीतीप्रमाणे पाटावर नदीतली मूठभर वाळू घेऊन आम्ही परतलो. वाटेत मुलाने सांगितले की, दुसऱ्या बाजूचे जुने चाक फार तर आणखी दोन पावसाळे काढील. मग ते उतरवून तेही नवे करावे लागेल. आम्ही विचारले, तोवर सुतारबाबा नसले तर? तो म्हणाला, "मला येतं आता, आत्याचे आजोबा शपथ! पण आऱ्याची लांबी एकदा त्यांना दाखवून घेतो."

नवीन चाक बाजूने पाहिले तर साधेच दिसते. त्यास अद्याप रंग दिलेला नाही, आणि देऊ नये असे आम्ही सुचविले आहे. साटीची डावी कड मात्र गुळगुळीत आहे, आणि ती तशीच राहणार. त्या कडेला हात लावून बसणाऱ्या तीन पिढ्या पुन्हा मिळतील तेव्हाच तेथे खळगा पडेल. तो पाडणे आमच्या हातांत नाही.